बंदुकीवाचून दुर्बीण

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, टेकड्यांमधून वाट काढणाऱ्या गाढवी नदीला अडवून उभारलेले इटियाडोह धरण 1970 साली पूर्ण झाले. जेमतेम अर्धा किलोमीटर लांब आणि सुमारे 30 मीटर उंच अशा या मातीच्या भिंतीमागे साठलेले पाणी कालव्यांनी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतील धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते. भिंत आटोपशीर आणि पाणी अफाट, ही तफावत पाळीवर उभे राहताच ध्यानात येते. जवळच्या काठावरचा बगळा साध्या डोळ्यांनी ओळखता येतो, मध्यावरचा डोंगा आणि त्यात वाकून जाळे ओढणारा ढिवर ओळखता येतो. परंतु त्यापलीकडे पाण्यावर जी काळपट ठिपक्यांची रांग हलताना दिसते ती बदकांची की तरंगत आलेल्या काटक्यांची, हे सांगणे अवघड होऊन बसते.

या अडचणीला हिशेबाचा आधार आहे. निरोगी मानवी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो, म्हणजे 600 मीटरवर सुमारे 17 सेंटीमीटरपेक्षा लहान असलेली कोणतीही खूण त्याला वेगळी ओळखता येत नाही. अर्ध्या मीटर लांबीचे तलवार बदक त्या अंतरावर डोळ्याला तीन ठिपक्यांपुरतेच उरते. त्याची टोकदार शेपटी, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, चोचीचा रंग, यांपैकी काहीही त्या तीन ठिपक्यांत मावत नाही. दहापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून हाच तपशील पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत आणि तीसपट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून सहा मिलिमीटरपर्यंत खाली येतो. कागदावर हे गणित इतके सरळ आहे की अधिक पट म्हणजे अधिक चांगली दुर्बीण असा निष्कर्ष कोणीही काढावा. दुकानातील खोक्यांवर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेला आकडाही तोच असतो. इटियाडोहच्या पाळीवर हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कायद्याने बदललेला प्रश्न

दूरचे लक्ष्य न्याहाळणाऱ्या भिंगांचा सर्वाधिक बारकाईने विचार जगात ज्यांनी केला त्यांत खगोलशास्त्रज्ञ आणि सैनिक यांच्याबरोबर शिकाऱ्यांचाही समावेश होतो, आणि आजही लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलींसाठी दुर्बिणी बनवणाऱ्या युरोपीय कारखान्यांतून पक्षीनिरीक्षकांच्या अनेक उत्तमोत्तम दुर्बिणी बाहेर पडतात. पूर्व विदर्भातही शिकारीची परंपरा जुनी होती. मात्र ती जवळच्या अंतराची होती. मचाणावरून किंवा हाक्यात उठवलेल्या जनावरावर काही पावलांवरून भरमार बंदूक झाडली जाई. भारतीय परवानाधारकांच्या हाती आलेली इछापूरच्या सरकारी कारखान्यातील .315 स्पोर्टिंग रायफलही उघड्या नेमाने, म्हणजे नळीवरील खाच आणि टोकावरील माशी एका रेषेत आणून, चालवण्यासाठीच घडवलेली होती. कुमाऊँतील नरभक्षक वाघांच्या मागावर फिरणाऱ्या जिम कॉर्बेटचे बहुतेक प्रसंगही अशाच जवळच्या अंतरांचे आहेत. दाट जंगलात पन्नास मीटरपलीकडचे जनावर दिसतच नसेल तर पाचशे मीटरची दुर्बीण घेऊन करायचे काय, हा त्यामागचा साधा विचार होता.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 या कायद्याने ती परंपरा जवळपास संपवली आणि परवाना घेऊन शिकार करण्याची उरलीसुरली वाट 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. या कायद्यात शिकारीची व्याख्या जनावराला ठार मारण्यापुरती मर्यादित नाही. पकडणे, सापळा लावणे, हाकलून नेणे, घरटी व अंडी यांना इजा करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे तिच्यात येते. अपवाद ठेवला आहे तो कलम 11 मध्ये. सर्वोच्च संरक्षण लाभलेला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतो. परंतु त्या प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी त्याची खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही.

त्यामुळे लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीसाठी कोणती दुर्बीण निवडावी, हा अमेरिकेच्या किंवा न्यूझीलंडच्या डोंगराळ भागात रोज विचारला जाणारा प्रश्न इटियाडोहच्या परिसरात जसाच्या तसा उभा राहत नाही. त्यातील घटक मात्र सगळे उभे राहतात: लक्ष्य दूर आहे, प्रकाश अपुरा आहे, हवा स्थिर नाही, हात थरथरतो आणि पैसा मर्यादित आहे. बदललेली आहे ती या सगळ्याच्या शेवटी करायची कृती. घोड्यावर बोट ठेवण्याऐवजी वहीत आकडा लिहायचा असतो, किंवा क्वचित प्रसंगी वनविभागाच्या आदेशाने बेशुद्धीचे इंजेक्शन सोडायचे असते, आणि या दोन कृतींसाठी लागणारी भिंगे एकमेकांपासून पार निराळी निघतात.

हाताच्या अंतरावरील प्रकाशचकती

रायफलीच्या दुर्बिणीवर 3-9×40 असे लिहिलेले असते तेव्हा त्यातील पहिले दोन आकडे प्रतिमा तीन ते नऊ पटींपर्यंत मोठी करता येते हे सांगतात आणि शेवटचा आकडा पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडे तोंड केलेल्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. पक्षीनिरीक्षकांच्या हातदुर्बिणीवरील 8×42 आणि तिपाईवर बसवायच्या एकनळी दुर्बिणीवरील 20-60×80 यांचाही अर्थ असाच लावायचा. भिंगाच्या व्यासाला पटींनी भागून येणारा भागाकार हा तिसरा आकडा. तो खोक्यावर क्वचितच मोठ्या अक्षरांत छापला जातो, पण निवड प्रत्यक्षात त्याच्यावरच ठरते.

हा भागाकार डोळ्यांनी पाहता येतो. दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखून हातभर लांब धरली की मागच्या भिंगाच्या मधोमध एक लहानशी पांढरी, गोल चकती तरंगताना दिसते. भिंगात शिरलेला सारा प्रकाश त्या चकतीतूनच डोळ्याकडे येत असतो. वीस पटींवर ठेवलेल्या 80 मिलिमीटरच्या दुर्बिणीत ही चकती चार मिलिमीटर व्यासाची असते. पटींचे कडे साठाकडे फिरवत नेले की ती डोळ्यांदेखत आक्रसत जाते आणि शेवटी 1.3 मिलिमीटरवर, मोहरीच्या दाण्याएवढी, येऊन थांबते. भर दुपारी डोळ्याची बाहुली स्वतःच दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावलेली असल्याने हा फरक फारसा जाणवत नाही. परंतु पहाटे किंवा दिवेलागणीच्या वेळी तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत आणि उतारवयात पाचेक मिलिमीटरपर्यंत उघडलेली असताना तिला मोहरीएवढा प्रकाश मिळाला, तर समोरचे चित्र मोठे दिसते खरे, पण काळवंडलेले दिसते. 8×42 च्या हातदुर्बिणीत ही चकती सव्वापाच मिलिमीटरची असते, आणि पाणवठ्यावरील पक्ष्यांची सर्वाधिक हालचाल सूर्योदयाच्या आगेमागे होत असल्याने अनुभवी निरीक्षक आठ पटींवर समाधान का मानतात याचे उत्तर या भागाकारात आहे. जर्मनीतील शिकारी संधिप्रकाशात रानडुकरांवर नेम धरण्यासाठी 8×56 सारख्या जाड नळीच्या, वजनदार आणि दिसायला बोजड दुर्बिणी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले ते याच कारणाने.

प्रकाश चकतीपर्यंत पोहोचण्याआधी वाटेतही गळतो. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन मागे फिरतो, आणि भिंगांचे असे दहा पृष्ठभाग ओलांडायचे असतील तर मूळ प्रकाशाचा तिसरा हिस्सा डोळ्यापर्यंत येतच नाही. झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 साली भिंगावर अत्यंत पातळ लेप चढवून हे परावर्तन रोखण्याची युक्ती शोधली. आज उत्तम दुर्बिणींतून नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकाश पार होतो तो त्या लेपांच्या अनेक थरांमुळे. भिंगाच्या काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते ती या लेपाचीच. मात्र स्वस्त दुर्बिणींवरील भडक तांबडा, आरशासारखा चमकणारा लेप बहुधा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरण्यासाठीच असतो, हे सांगून ठेवणे भाग आहे.

तापलेली हवा

इटियाडोहच्या पाळीवर डिसेंबरातल्या सकाळी दहानंतर साठपट दुर्बिणीतून पाहणाऱ्याला दिसते ते पक्ष्याचे चित्र कमी आणि हवेचे अधिक. पाण्यावरची गार हवा आणि उन्हाने तापू लागलेल्या दगडी पिचिंगवरची गरम हवा यांची घनता निरनिराळी असल्याने त्यांच्यातून येणारे प्रकाशकिरण क्षणाक्षणाला वाकतात, आणि दूरच्या बदकाची कडा वितळल्यासारखी डुलू लागते. उन्हाळ्यात, पाणी उतरून काठाची चिखलट जमीन उघडी पडल्यावर, हा खेळ सकाळी आठलाच सुरू होतो. दुर्बीण पक्ष्याला मोठे करते तसे हवेच्या या थरथरीलाही मोठे करते, आणि म्हणून तीस-चाळीस पटींपलीकडे गेल्यावर चित्र वाढते पण तपशील वाढत नाही. लांब पल्ल्यावर रायफल चालवणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते. पंचवीस पटींपर्यंत जाणारी दुर्बीण रायफलीवर चढवलेली असूनही उन्हात ती बारा-पंधरा पटींवर उतरवून ठेवणारे नेमबाज काही अज्ञानी नसतात. त्याच थरथरीचा उपयोग करून घेणारेही असतात: दुर्बिणीचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की हवेच्या लहरी कोणत्या दिशेला वाहत आहेत ते दिसते, आणि त्यावरून वाऱ्याचा अदमास बांधता येतो.

पाळीवरून पाहणाऱ्यासमोर यावर तीनच उपाय उरतात. उन्हे चढण्यापूर्वी पाहणे हा त्यांतला पहिला. परंतु हिवाळ्यात पाण्यावर धुके साचत असल्याने धुके विरणे आणि हवा तापणे यांच्या मधला एखाद-दीड तासाचाच काळ खऱ्या कामाचा उरतो. उंचावरून पाहणे हा दुसरा, कारण तापलेल्या हवेचा सर्वांत अस्थिर थर जमिनीलगत असतो, आणि या बाबतीत धरणाची पाळ निरीक्षकाला आयती मिळालेली आहे. तिसरा उपाय अंतर कमी करण्याचा. तो पायांनी साधतो, भिंगांनी नाही. काठाकाठाने अर्धा तास चालून जे दिसते ते कित्येकदा दुप्पट किमतीच्या दुर्बिणीतूनही दिसत नाही.

रायफलीच्या दुर्बिणीचे निराळेपण

बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या नळ्यांपैकी एक रायफलीवर आणि दुसरी तिपाईवर का बसते, हे समजून घेण्यासाठी डोळा आणि भिंग यांच्यातील अंतरापासून सुरुवात करावी लागते. तिपाईवरच्या दुर्बिणीत डोळा मागच्या भिंगापासून पंधरा-वीस मिलिमीटरवर टेकवला की पूर्ण चित्र दिसते. चष्मा लावणाऱ्याला एवढे अंतरही कधीकधी अपुरे पडते. रायफलीच्या दुर्बिणीत हे अंतर नव्वद मिलिमीटरच्या आसपास ठेवलेले असते, कारण गोळी सुटताच रायफल मागे उसळते आणि डोळा जवळ असेल तर दुर्बिणीची धातूची कड भुवईवर आदळून जखम होते. या मोकळ्या अंतराची किंमत दृष्टिक्षेत्राने, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या प्रदेशाच्या रुंदीने, चुकवावी लागते. रायफलीची दुर्बीण हातात धरून पक्षी पाहू जाणाऱ्याला बोगद्यातून पाहिल्यासारखे वाटते ते यामुळेच.

दुसरा भेद नेमरेषांचा. रायफलीच्या दुर्बिणीत एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा बसवलेल्या असतात आणि लांब पल्ल्याच्या दुर्बिणींत त्या रेषांवर मोजपट्टीसारख्या खुणा असतात. त्यातील प्रचलित माप मिल या नावाने ओळखले जाते. एक मिल म्हणजे शंभर मीटरवर दहा सेंटीमीटर, पाचशे मीटरवर पन्नास सेंटीमीटर. दुर्बिणीच्या माथ्यावरील चकती एक खटका फिरवली की नेम बहुधा एक दशांश मिल सरकतो. मध्यम ताकदीच्या .308 रायफलीचा नेम शंभर मीटरवर जुळवलेला असेल, तर पाचशे मीटरवर गोळी दोन मीटरच्या आसपास खाली येते, म्हणजे चाळीसएक खटके वर चढवावे लागतात, आणि ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा तिला अर्ध्या मीटरहून अधिक बाजूला ढकलतो. गोळी तिथवर पोहोचायला पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत चरणारे हरीण एक पाऊल पुढे टाकते आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात लागतो. लांब पल्ल्याच्या शिकारीविषयी त्या त्या देशांतील शिकाऱ्यांमध्येच जो वाद आहे तो या पाऊण सेकंदाचा आहे. दुर्बिणीने आठशे मीटरवरचे शिंग स्पष्ट दाखवले म्हणून तिथवर गोळी टाकण्याचा अधिकार मिळत नाही, असे मानणाऱ्यांची बाजू अधिक बळकट वाटते, कारण जखमी जनावर आठशे मीटरवरून शोधायला जाणे हे पाहण्याइतके सोपे नसते.

ही सारी गणिते चकतीच्या खटक्यांवर अवलंबून असल्याने अशा दुर्बिणीच्या निवडीत काचेपेक्षाही यंत्ररचनेचा कस पाहावा लागतो. जाणकार नेमबाज नवी दुर्बीण चढवल्यावर कागदी लक्ष्यावर एक गोळी झाडतात, मग ठरावीक खटके वर, तेवढेच उजवीकडे, तेवढेच खाली आणि तेवढेच डावीकडे फिरवत प्रत्येक ठिकाणी एकेक गोळी झाडत जातात. शेवटची गोळी पहिल्या छिद्राशेजारी पडली आणि मधल्या छिद्रांचा चौकोन सरळ आला, तरच चकतीवर विश्वास ठेवतात. पटी बदलल्यावर खुणांचा अर्थ बदलतो का, हाही प्रश्न विचारावा लागतो. ज्या दुर्बिणीत नेमरेषा पटी बदलणाऱ्या भिंगांच्या मागे बसवलेल्या असतात तिच्यात त्या कायम सारख्याच जाडीच्या दिसतात, परंतु नऊ पटींवर एक मिल दाखवणारी खूण साडेचार पटींवर दोन मिल दाखवू लागते. त्या पुढे बसवलेल्या असतील तर चित्राबरोबर रेषाही वाढतात-घटतात आणि माप कायम राहते. मात्र कमी पटींवर त्या केसासारख्या बारीक होऊन संधिप्रकाशात नाहीशा होतात.

याखेरीज पॅरॅलॅक्स नावाची एक अडचण आहे. लक्ष्याची प्रतिमा आणि नेमरेषा नळीत एकाच प्रतलावर पडल्या नाहीत, तर डोळा जरासा बाजूला सरकताच रेषाही लक्ष्यावरून सरकल्यासारख्या दिसतात. शंभर मीटरसाठी जुळवलेल्या, 40 मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत पाचशे मीटरवर ही चूक अधिकात अधिक आठ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकते. महागड्या दुर्बिणींच्या डाव्या अंगाला जे आणखी एक बटण असते ते हा दोष अंतरानुसार काढून टाकण्यासाठी असते. पक्षी पाहणाऱ्याला यांतले काहीच लागत नाही, आणि म्हणूनच त्याने रायफलीच्या दुर्बिणीसाठी पैसे मोजणे म्हणजे न वापरायच्या यंत्रासाठी काचेचा दर्जा गमावणे होय.

वडसा: तीस मीटरांचा लांब पल्ला

इटियाडोहचे कालवे ज्या देसाईगंज, म्हणजेच वडसा, भागाकडे उतरतात तेथील जंगलात ऑक्टोबर 2022 मध्ये ‘सीटी-1’ या नावाने नोंदवलेल्या वाघाला वनविभागाच्या पथकाने बेशुद्ध करून पकडले. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांचा बळी गेल्याचे त्याच्या नावावर नोंदलेले होते. कलम 11 चा आदेश जमिनीवर कसा उतरतो हे पाहायचे असेल तर अशा मोहिमेतील बंदुकीकडे पाहावे, कारण तिच्यातून गोळीऐवजी औषध भरलेली, शेपटाला पिसारा असलेली सुई सुटते.

ही सुई रायफलीच्या गोळीच्या तुलनेत अतिशय संथ जाते आणि तिचा मार्ग ठळक कमानीचा असतो. तिला लोटणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा दाब अंतरानुसार आधी ठरवावा लागतो. दाब कमी पडला तर सुई वाटेतच गळते, अधिक झाला तर ती मांसात रुतण्याऐवजी हाडापर्यंत जाऊन जनावराला कायमची इजा करते. त्यामुळे दहा ते चाळीस मीटर हाच तिचा व्यवहार्य पल्ला ठरतो आणि त्यातही नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवरच धरायचा असतो. एवढ्या अंतरावर नऊ पटींच्या दुर्बिणीतून वाघाकडे पाहिले तर केवळ पिवळा-काळा पट्टा दिसतो. तो मांडीचा की बरगडीचा हे कळत नाही. तेथे एक किंवा दीड पटीचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून वापरता येणारा तांबड्या ठिपक्याचा नेम कामी येतो, आणि त्याहूनही अधिक कामी येते ते लेझरने अंतर मोजणारे मुठीत मावणारे यंत्र, कारण पंचवीस मीटर आणि पस्तीस मीटर यांतला फरक झुडपांच्या सावलीत डोळ्यांना फसवतो. औषधाचा अंमल चढायला काही मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात वाघ झाडोऱ्यात शिरतो. त्याला शोधताना मात्र पथकाच्या गळ्यातील साधी हातदुर्बीणच पुन्हा उपयोगी पडते.

सारस मोजताना

गोंदिया जिल्हा महाराष्ट्रात सारस पक्ष्यांचे अखेरचे मोठे आश्रयस्थान आहे. आसपासच्या जिल्ह्यांतील तुरळक पक्षी वगळले तर राज्यात तो अन्यत्र उरलेला नाही. परसवाडा, झिलमिली यांसारखी जिल्ह्याच्या उत्तर भागातील तळी आणि त्यांना लागून असलेली धानाची शेते ही त्याची मुख्य वस्ती. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतल्यानंतर सरकारी यंत्रणाही त्याच्या संरक्षणाच्या कामाला जोमाने लागली. गोंदियातील ‘सेवा’ ही संस्था वनविभागाबरोबर दर उन्हाळ्याच्या अखेरीस जी गणना करते तिच्यात निरनिराळी पथके एकाच पहाटे निरनिराळ्या मुक्कामाच्या जागांवर बसतात, जेणेकरून एका तळ्यावरून उडून दुसऱ्या तळ्यावर उतरलेला पक्षी दोनदा मोजला जाऊ नये.

सारस दीड मीटर आणि त्याहून उंच असल्याने तो दिसायला दुर्बीण लागत नाही, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात लागते, कारण मोजणाऱ्याला तो दिसणे पुरेसे नसते. त्याच्या डोक्या-मानेवरील तांबडी कातडी उघडी आहे की पिलासारखी तपकिरी पिसांनी झाकलेली आहे, यावरून वय ठरते. आणि धानाच्या बांधात बसलेला पक्षी अंड्यांवर आहे की नुसताच विसावला आहे, हे जवळ न जाता ठरवायचे असते. घरट्यापासून निरीक्षक जितका दूर राहील तितके पक्ष्याचे हित अधिक असल्यामुळे येथे पटींचा खरा उपयोग होतो, आणि तिपाईवरील 20-60 पटींची दुर्बीण वीस ते चाळीसच्या दरम्यान ठेवून केलेले काम सर्वांत भरवशाचे ठरते. इतक्या पटींवर दृष्टिक्षेत्र एक किलोमीटरवर जेमतेम तीस-चाळीस मीटर रुंदीचे असते; सबब आधी हातदुर्बिणीने पक्षी हेरायचा, त्याच्यामागची एखादी खूण, पळस किंवा विजेचा खांब, लक्षात ठेवायची आणि मग मोठी दुर्बीण त्या खुणेवर आणायची, असा दुहेरी क्रम ठेवावा लागतो.

रायफलीच्या दुर्बिणीतील मिलच्या खुणांचा एकच गुण येथे उसना घेण्यासारखा आहे. उंची ठाऊक असलेली वस्तू किती मिल व्यापते यावरून तिचे अंतर निघते: दीड मीटर उंचीचा सारस तीन मिल व्यापत असेल तर तो पाचशे मीटरवर आहे, अडीच मिल व्यापत असेल तर सहाशे मीटरवर. अशा खुणा असलेल्या हातदुर्बिणी मुख्यतः सैन्यासाठी आणि नाविकांसाठी बनतात. अर्थात चरताना मान खाली घातलेला सारस हे सारे गणित उधळून लावतो, आणि तो दिवसाचा बराच काळ चरतच असतो.

नवेगावबांध आणि त्याच्या अवतीभवतीच्या पाणवठ्यांवर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून या परिसरात घालवलेली वर्षे मराठी वाचकाला परिचित आहेत. त्यांच्या लेखनात उपकरणांची मातब्बरी फारशी आढळत नाही. माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणकारांच्या सोबतीने मिळालेली नजर मोठी ठरते. आवाजावरून आणि उडण्याच्या लकबीवरून पक्षी ओळखणारा ढिवर आजही महागड्या दुर्बिणीवाल्याला कित्येकदा मागे टाकतो, तरीही वयाची आणि घरट्याची खात्रीलायक नोंद करायची वेळ येते तेव्हा भिंगाला पर्याय उरत नाही.

ओल, बुरशी आणि खरेदी

पूर्व विदर्भातील पावसाळा दुर्बिणीचा खरा वैरी आहे. चार महिने कपाटात, कातडी म्यानात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते आणि ती लेप खाऊन टाकते; बाहेरून पुसून ती जात नाही आणि उघडून साफ करून घेण्याचा खर्च स्वस्त दुर्बिणीच्या किमतीला भिडतो. नळीत कोरडा नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी बंद केलेली दुर्बीण धुकट सकाळी आतून घामेजत नाही, म्हणून पाणवठ्यावर वापरायची असेल तर ही सोय नसलेल्या दुर्बिणीचा विचारही करू नये. ठेवणीत कातडी म्यानाऐवजी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरते. पुड्या मात्र दर महिन्याला तव्यावर गरम करून वाळवाव्या लागतात, आणि तेच कोणी करत नाही.

गावातील एखाद्या निसर्गमंडळाला किंवा शाळेला एकाच खरेदीपुरते पैसे जमले असतील, तर साठ पटींच्या स्वस्त दुर्बिणीपेक्षा दोन बऱ्या 8×42 हातदुर्बिणी अधिक डोळ्यांना अधिक काही दाखवतील. पुढच्या वर्षी एकनळी दुर्बीण घेण्याचे ठरले, तर तिच्या बरोबरीने जड, न डगमगणारी तिपाई घ्यावी लागते, कारण पाळीवर वारा वाहता असताना हलक्या तिपाईवरची सर्वोत्तम काचही निरुपयोगी ठरते. मुले आणि मोठी माणसे आळीपाळीने पाहणार असतील तर डोळा लावायचे टोक वर वळलेली दुर्बीण सोयीची असते. तिपाई बुटक्या माणसाच्या उंचीला लावली की उंच माणूस वाकून पाहू शकतो. खरेदी शक्यतो दिवस मावळताना करावी आणि दुकानातील दिव्यांऐवजी रस्त्यापलीकडच्या कौलांकडे पाहावे. कौलांची काळी कड आकाशावर जांभळट झालर घेऊन दिसत असेल तर काच हलक्या प्रतीची आहे. त्यानंतर कडे हळूहळू शेवटच्या पटींपर्यंत फिरवावे, आणि चाळीसवर कौलांची जी फट दिसते तिच्याहून अधिक काही साठवर दिसत नसेल, तर त्या वरच्या वीस पटींचे पैसे देऊ नयेत.